बाळंतपणानंतरची थायरॉईडची सूज : पहिल्या तपासणीपासून गोळी थांबवण्यापर्यंत

सव्वा महिना सरतो, बारसं होतं, बाळ-बाळंतीण माहेरून सासरी येतात. मालिश करणाऱ्या मावशी यायच्या थांबतात, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते आणि नोकरी असेल तर रजेचे उरलेले आठवडे मोजणं सुरू होतं. बाळंतिणीकडे बघणारे डोळे कमी होतात, नेमक्या त्याच काळात काही जणींची थायरॉईड ग्रंथी सुजते. गळा दुखत नाही, ताप येत नाही. त्यामुळे छाती धडधडली की ‘झोप होत नाही ना’, थकवा आला की ‘अंगावर पाजतेस ना’, केस गळले की ‘सगळ्यांचेच गळतात’ अशी उत्तरं घरातून मिळतात. दवाखान्यातही कधी कधी तीच मिळतात.

डॉक्टर याला पोस्टपार्टम थायरॉयडायटिस म्हणतात. शंभर बाळंतिणींमागे साधारण पाच जणींना हा त्रास होतो. वेगवेगळ्या देशांतले आकडे मात्र बरेच वर-खाली आहेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात तो कधीही उद्भवतो, आणि गर्भपातानंतरही होऊ शकतो, जे फारसं कुणी सांगत नाही. न्यूझीलंडमधल्या रॉबर्टन नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली बाळंतपणानंतर येणारी मरगळ, थंडी वाजणं आणि केसांतले बदल यांची नोंद केली होती. थायरॉईडच्या अर्काने त्या बायकांना बरं वाटतं हेही त्यांनी लिहिलं. त्यानंतर अनेक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जपानमधल्या अमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हा त्रास किती सर्रास आढळतो ते दाखवलं, तेव्हा कुठे त्याला पुस्तकात नीट जागा मिळाली.

या आजारात रिपोर्टवरच्या आकड्याइतकंच बाळाचं वय महत्त्वाचं असतं. तोच आकडा दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट सांगतो, सातव्या महिन्यात दुसरी. ज्यांचा त्रास चिघळतो त्यातल्या कितीतरी जणींच्या बाबतीत एकाच रिपोर्टवर निर्णय झालेला असतो. एक तर आयुष्यभराची गोळी लागते, नाहीतर ‘नॉर्मल आहे’ म्हणून फाइल बंद होते.

ग्रंथीत नेमकं काय होतं

गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, कारण पोटातलं बाळ अर्धं ‘परकं’ असतं. बाळंतपण झालं की ती पुन्हा जोर धरते. ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून असतात त्यांच्यात हा जोर ग्रंथीवरच उतरतो.

थायरॉईडमध्ये तयार हॉर्मोनचा काही आठवडे पुरेल इतका साठा असतो. धान्याची कणगी फुटली की आधी अंगणभर धान्य सांडतं आणि मग घरात दाणा उरत नाही, तसंच इथे होतं. पेशी फुटतात, साठलेलं हॉर्मोन एकदम रक्तात येतं, हा धडधडीचा टप्पा. साठा संपतो, जखमी ग्रंथीला नवीन हॉर्मोन पुरेसं करता येत नाही, हा मंदपणाचा टप्पा. मग बहुतेकींची ग्रंथी हळूहळू सावरते.

पुस्तकी वेळापत्रक असं : धडधडीचा टप्पा पहिल्या ते सहाव्या महिन्यात कधीतरी सुरू होऊन एक ते तीन महिने राहतो. मंदपणा साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात दिसतो आणि चार-सहा महिने टिकतो. वर्ष ते दीड वर्षात गाडी रुळावर येते. पण हे दोन्ही टप्पे ओळीने जेमतेम पाव बायकांनाच होतात. काहींना नुसती धडधड होते आणि विषय संपतो. आणि जवळजवळ निम्म्या जणी थेट मंदपणातच सापडतात, आधीची धडधड झालीच नाही किंवा लक्षात आली नाही म्हणून.

कुणी जास्त सावध राहायचं

गरोदरपणात टीपीओ अँटिबॉडी (वर सांगितलेली थायरॉईडविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आली असेल तर तिघींपैकी एकीला, काही अभ्यासांनुसार निम्म्या जणींना, हा त्रास होतो. लहानपणापासून इन्सुलिन घ्यावं लागतं त्या टाइप-१ मधुमेहाच्या बायकांमध्ये प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट असतं. मागच्या बाळंतपणात झाला असेल तर या वेळी पुन्हा होण्याची शक्यता मोठी आहे. आई-मावशी-बहिणीला थायरॉईड असणं, स्वतःला कोड किंवा सेलिअॅक (गव्हाने आतडं बिघडणं) असा दुसरा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार असणं, हेही लक्षात ठेवायचं.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर लक्षणांची वाट न बघता बाळ सहा ते बारा आठवड्यांचं असताना एकदा आणि सहा महिन्यांचं झाल्यावर एकदा टीएसएच करून घ्यावी. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉईडला हुकूम : थायरॉईडचं हॉर्मोन कमी पडलं की ती वाढते, जास्त झालं की दबते. टाइप-१ मधुमेह असेल तर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. या तारखा आपोआप आठवत नाहीत. बाळाच्या लसीकरण कार्डावरच पेन्सिलने लिहून ठेवा : दहाव्या आठवड्याची लस, तेव्हा आईची टीएसएच, उष्टावण, तेव्हा दुसरी. ते कार्ड घरात कुणी हरवत नाही. आईची फाइल मात्र हमखास हरवते.

गरोदर होण्याआधीपासूनच थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा. गरोदरपणात डोस वाढवलेला असतो. बाळंतपणानंतर तो बहुधा जुन्या डोसवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. वाढीव डोस तसाच चालू राहिला तर होणारी धडधड गोळीची असते, सुजेची नव्हे. डिस्चार्जच्या कागदावर गोळीचा आकडा लिहिला आहे का ते घरी येण्याआधीच बघा.

लक्षणं कशी पारखायची

धडधडीच्या टप्प्यात छातीत ठोके जाणवतात, हात थरथरतात, चिडचिड होते, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नाही, भूक असून वजन उतरतं, घाम येतो. मंदपणात अंग जड, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, विसराळूपणा, सांधे-स्नायू आखडणं, दूध कमी पडणं, मन उदास. गळ्याच्या खालच्या भागात थोडा फुगवटा दिसू शकतो, पण तो दुखत नाही. गळा दुखून कानापर्यंत कळ जात असेल आणि अलीकडे सर्दी-ताप येऊन गेला असेल, तर ती बहुधा विषाणूनंतर येणारी दुसऱ्या जातीची सूज आहे. तिचे उपचार वेगळे असतात.

आपल्याकडे एक अडचण अशी की बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, कानाला रुमाल, अंगावर शाल. अशा खोलीत उकडतंय की थंडी वाजतेय यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून मोजता येतील अशा गोष्टी धरा.

नाडी मोजा. सकाळी चहाच्या आधी, दहा मिनिटं शांत बसून, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. लागोपाठ तीन दिवस. बसल्या जागी शंभरच्या वर सातत्याने येत असेल तर ती निव्वळ जागरणाची नाडी नव्हे. थायरॉईड बघा, आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघा, कारण अशक्तपणातही नाडी पळते. मग दोन्ही हात समोर लांब करून बोटं पसरा आणि वर्तमानपत्राचं एक पान बोटांवर ठेवायला सांगा. पानाची कड सारखी थरथरत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. वजन आठवड्याला एकदा, एकाच काट्यावर.

केसांचं एक सांगतो. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी मूठ-मूठ केस जाणं थायरॉईड नसतानाही होतं आणि बहुतेकींचं वर्षभरात भरून येतं. नुसत्या केसगळतीवरून थायरॉईड ठरवू नका. त्याच्या जोडीला वर सांगितलेलं आणखी काही असेल तर मात्र तपासा.

रक्ततपासणी : काय करायची, कशी करायची

लक्षणं असतील तर टीएसएचसोबत फ्री टी-४ (थायरॉईडचं मुख्य हॉर्मोन) करा. नुसत्या टीएसएचने या आजारात फसगत होते, ती कशी ते पुढे येईलच. टीएसएच फारच खाली असेल तर टी-३ (थायरॉईडचं दुसरं हॉर्मोन) जोडायची. टीपीओ अँटिबॉडी एकदा केली की पुरे. दर वेळी तिचा आकडा बघत बसण्यात पैसे जातात आणि उपचार बदलत नाही.

तपासणीच्या आधी केसांच्या गोळ्यांची बाटली उलटी करून वाचा. त्यात बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, आणि बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतल्या जातात. अनेक लॅबच्या यंत्रांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटी कमी आणि टी-४, टी-३ खोटे जास्त दिसतात. म्हणजे थायरॉईड ठणठणीत असताना कागदावर हुबेहूब धडधडीचा आजार उभा राहतो. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी या गोळ्या बंद ठेवा. डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी आधी. शक्तीसाठी म्हणून अश्वगंधा चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत.

उपाशीपोटी जायची गरज नसते. पण पुढच्या प्रत्येक वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळच्याच वेळी जा. गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

परदेशात बाळंतपण झालेल्यांनी एकक बघावं. टीएसएचचा आकडा सगळीकडे सारखाच वाचता येतो. फ्री टी-४ मात्र ब्रिटन-ऑस्ट्रेलियात वेगळ्या एककात मिळते आणि तिथला आकडा आपल्याकडच्या नेहमीच्या एककापेक्षा सुमारे तेरा पट मोठा दिसतो. तिथला १५ आणि इथला १.२ साधारण एकच. पुण्यात सुट्टीला येऊन तपासणी केली आणि ‘पंधराचा एकवर आला’ म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

रिपोर्ट बाळाच्या वयासकट वाचा

रिपोर्ट हातात आला की त्याच्या कोपऱ्यात बाळाचं वय लिहा. मग बघा.

समजा बाळ अडीच महिन्यांचं आहे, टीएसएच ०.०२ आहे आणि फ्री टी-४ थोडी वर. हा धडधडीचा टप्पा असू शकतो. आता हीच बाई दोन महिन्यांनी पुन्हा गेली आणि टीएसएच आली २.१. कागदावर नॉर्मल. पण ०.०२ वरून वर चढणारी टीएसएच वाटेत २.१ ला भेटते आणि तिथे थांबेलच असं नाही. आणखी सहा आठवड्यांनी ती २८ निघू शकते. म्हणून धडधड ओसरल्यावर चार ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायची, आणि वर्ष होईपर्यंत मधून मधून बघत राहायचं. ‘मागच्या महिन्यात नॉर्मल होती’ हे उत्तर या आजारात पुरत नाही.

दुसरी फसगत : टी-४ खाली आलेली असते पण टीएसएच अजून वर चढलेली नसते. पिट्युटरी ग्रंथी आठवडे-आठवडे दबलेली राहिल्यामुळे जागी व्हायला वेळ घेते. नुसती टीएसएच बघणाऱ्याला हे दिसणारच नाही.

पण टी-४ कमी आणि टीएसएच कमी किंवा नॉर्मल हे चित्र आणखी एका कारणाने दिसतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता, रक्त चढवावं लागलं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परतली नाही, उठताना चक्कर येते, असं असेल तर पिट्युटरीलाच इजा झालेली असू शकते. तिला शीहान सिंड्रोम म्हणतात. तिथे कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड हॉर्मोन) तपासल्याशिवाय थायरॉईडची गोळी सुरू करणं धोक्याचं आहे. आधी स्टेरॉईडची कमतरता भरून काढतात, मग थायरॉईडची. बाळंतपणातल्या रक्तस्रावाची हकीकत डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपणहून सांगा.

आणि फोनवर डॉक्टरांना ‘थायरॉईड वाढलंय’ असं सांगू नका. ‘टीएसएच वाढली’ आणि ‘हॉर्मोन वाढलं’ यांत दोन टोकांचा फरक आहे. आकडे वाचून दाखवा.

सूज की ग्रेव्हज?

टीएसएच दबलेली आणि टी-४ वर, हे ग्रेव्हज या आजारातही असतं. तिथे ग्रंथी खरोखर जास्त हॉर्मोन बनवत असते, म्हणून कार्बिमॅझोलसारखं औषध देऊन तिचं काम रोखतात. सुजेत ग्रंथी काहीच जास्त बनवत नाही, साठा गळतो आहे इतकंच. तिथे कार्बिमॅझोलचा उपयोग नाही, उलट दुष्परिणाम पदरी पडतात आणि पुढे येणारा मंदपणा औषधाचा की आजाराचा हे कळेनासं होतं.

म्हणून ‘थायरॉईड जास्त आहे’ म्हणून कार्बिमॅझोलची चिठ्ठी मिळाली तर एक प्रश्न नम्रपणे विचारा : “डॉक्टर, टीआरएबी करून बघायची का?” टीआरएबी ही टीएसएच रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी. ग्रेव्हजमध्ये ती बहुधा पॉझिटिव्ह येते, सुजेत सहसा नाही. डोळे बटबटीत होणं, टी-४ च्या मानाने टी-३ खूपच वाढणं, त्रास बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी किंवा अधिक उशिरा सुरू होणं, तीन महिने उलटले तरी धडधड न हटणं, हे सगळं ग्रेव्हजकडे झुकतं. डॉप्लर सोनोग्राफीत ग्रेव्हजच्या ग्रंथीत रक्तप्रवाह भरपूर दिसतो, सुजेत कमी. दूध पाजणाऱ्या आईसाठी ही तपासणी सोयीची, कारण तिला किरणोत्सर्गी औषध लागत नाही.

थायरॉईड स्कॅन सुचवला तर अंगावर पाजत असल्याचं आधी सांगा. टेक्नेशिअम या किरणोत्सर्गी औषधाच्या स्कॅननंतर काही तास ते दिवसभर दूध काढून टाकावं लागतं; नेमका वेळ स्कॅन करणारा विभाग सांगतो. आयोडीन-१३१ पाजणाऱ्या आईला देतच नाहीत.

धडधडीचा टप्पा : काय घ्यायचं

त्रास सौम्य असेल तर काहीच नाही. नाडी आणि रिपोर्टवर नजर ठेवायची, चहा-कॉफी कमी करायची, रात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं.

त्रास जास्त असेल तर प्रोप्रॅनोलॉल देतात, बहुधा १० ते २० मिलिग्रॅम, दिवसातून काही वेळा. ते हॉर्मोन कमी करत नाही. ठोके आणि थरथर आवरतं. दुधात अगदी थोडं उतरतं, त्यामुळे पाजणं चालू ठेवता येतं. दमा असेल तर हे औषध चालत नाही, तेव्हा लहानपणी पंप घेतला असेल तरी सांगा. महिना-दोन महिन्यांत त्याची गरज संपते. बंद करताना एकदम न करता डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवत जा.

आडवं पडलं की दम लागणं, पायांना सूज, छातीत दुखणं, खूप ताप आणि नाडी १२० च्या वर, बोलण्यात गोंधळ : यातलं काहीही झालं तर थायरॉईडच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णालयात जा. बाळंतपणानंतर हृदयाचे स्नायू अशक्त होण्याचा वेगळा आजारही असतो आणि त्यात उशीर परवडत नाही.

मंदपणाचा टप्पा : गोळीचं वेळापत्रक

टीएसएच थोडीच वर आहे, दहाच्या आत, आणि काही त्रास नाही, तर गोळी न देता चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघणं हा मान्य मार्ग आहे. लक्षणं असतील, टीएसएच दहाच्या वर असेल, दूध पाजत असाल किंवा पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर लेव्होथायरॉक्सिन (टी-४ हॉर्मोनची, म्हणजेच थायरॉक्सिनची गोळी) सुरू करण्याकडे कल असतो. आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही नावं ओळखीची आहेत. बाटलीवरचा २५, ५०, ७५ हा आकडा मायक्रोग्रॅमचा असतो आणि बाटली संपली की तोच आकडा बघून घ्यायची. मेडिकलवाल्याने ‘५० नाही, १०० ची अर्धी करा’ म्हटलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. हे सगळ्यांना माहीत असतं. बाळंतिणीच्या बाबतीत खरी गोची निराळीच होते. सरकारी कार्यक्रमात आणि खासगीतही बाळंतपणानंतर सहा महिने लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू असते, आणि या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात अडकवून ठेवतात. सकाळी सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात गिळल्या की थायरॉक्सिनचा बराच भाग वाया जातो, टीएसएच उतरत नाही आणि डोस वाढत जातो. मध्ये चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांबरोबर घ्यायची नाहीत.

एक जमणारं वेळापत्रक असं. पहाटेच्या पाजण्याला उठता तेव्हा, साधारण पाच-सहाला, थायरॉक्सिन. गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. सातला चहा, नाश्ता, नाचणीची खीर. दुपारी एकला जेवणाबरोबर कॅल्शियम. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या तासभर आधी किंवा नंतर. रात्री जेवणाबरोबर दुसरी कॅल्शियम.

पहाटे जमत नसेल तर रात्री झोपताना गोळी घेता येते, पण जेवून तीन तास झालेले हवेत. मग निजताना हळदीचं किंवा शतावरीचं दूध प्यायची पद्धत असेल तर ते संध्याकाळकडे ढकलावं लागेल, आणि रात्रीची कॅल्शियमही. सासूबाईंना आधीच समजावून ठेवा; दुधाचा पेला हातात आल्यावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका. थायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. याच कारणाने डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करण्यात अर्थ नसतो, आणि गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत उत्साह आला नाही म्हणून ती निरुपयोगीही ठरत नाही.

खाण्यापिण्यात एकच गोष्ट खरोखर तपासा, मीठ. ‘आरोग्याला चांगलं’ म्हणून घरात सैंधव आलं असेल तर पाजणाऱ्या आईने आयोडीनच्या मिठाकडे परत यावं. या काळात तिला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि बाळाला ते तिच्या दुधातूनच मिळतं. उलट आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका, जास्त आयोडीनने सूज बिघडू शकते. शिजवलेली कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात चालते. डिंकाचे, हळिवाचे लाडू चालतात, फक्त गोळीबरोबर नाही.

दूध आणि बाळ

थायरॉक्सिनमुळे पाजणं थांबवावं लागत नाही. दुधात ते नगण्य प्रमाणात जातं आणि ते आईच्या अंगात असायलाच हवं असलेलं हॉर्मोन आहे. दूध कमी पडण्यामागे मंद थायरॉईड असेल तर गोळीने मदतच होते.

आईला बाळंतपणानंतर सूज आली म्हणून बाळाला थायरॉईड होत नाही. बाळाची जन्मानंतरची टाचेच्या रक्ताची तपासणी वेगळी आहे आणि ती प्रत्येकच बाळाची व्हावी. झाली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मन

उदासी, रडू येणं, बाळाबद्दल ओढ न वाटणं, सतत धास्ती : बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि थायरॉईडची सूज एकमेकांसारखी दिसतात आणि कधी कधी एकत्रही असतात. नैराश्याचं निदान झालेल्या प्रत्येक बाळंतिणीची टीएसएच बघावी. याचा उलटा अर्थही तितकाच लक्षात घ्या : टीएसएच जास्त निघाली म्हणून ‘मग हे सगळं थायरॉईडमुळेच’ असं म्हणून मनाचे उपचार लांबवू नका. गोळीला आठवडे लागतात, तेवढे आठवडे त्या बाईने कसे काढायचे?

स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, कुणीतरी बोलतंय असं ऐकू येत असेल, दोन-दोन दिवस झोपच नसेल, तर ती त्याच दिवशी डॉक्टरकडे नेण्याची वेळ आहे. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोळी कधी थांबवायची

‘थायरॉईडची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ असं सर्रास म्हणतात. हाशिमोटो, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने ग्रंथी हळूहळू मंदावण्याचा आजार, असलेल्या जुन्या रुग्णांबाबत ते बऱ्याचदा खरं असतं. इथे नाही. या सुजेत गोळी तात्पुरती असण्याची शक्यता जास्त, आणि म्हणूनच ती सोडवून बघण्याची तारीख सुरू करतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यायला हवी. तसं होत नाही. वर्षामागून वर्षं तीच चिठ्ठी नूतन होत राहते, आणि बाई स्वतःची ओळख ‘मला थायरॉईड आहे’ अशी करून देऊ लागते.

साधारणपणे गोळी सुरू केल्यावर वर्षभराने हा प्रयत्न करतात. डोस निम्मा करायचा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. नॉर्मल असेल तर आणखी कमी किंवा बंद, पुन्हा सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच. वर गेली तर परत जुना डोस, त्यात हार कसली. पुन्हा गरोदर असाल, प्रयत्नात असाल किंवा बाळ अजून अंगावर पीत असेल तर हा प्रयोग पुढे ढकला. स्वतःच्या मनाने, डॉक्टरांना न सांगता, बाटली संपली म्हणून थांबवणं हा वेगळाच प्रकार झाला. त्यात टीएसएच कुणी बघत नाही आणि चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

वर्षअखेर दहा ते वीस टक्के जणींची ग्रंथी सावरत नाही आणि गोळी कायमची लागते. अँटिबॉडीचं प्रमाण खूप जास्त असेल किंवा मंदपणाच्या टप्प्यात टीएसएच फारच वर गेली असेल त्यांच्यात ही शक्यता अधिक. ज्या सावरतात त्यांच्यातही पुढच्या काही वर्षांत बऱ्याच जणींना पुन्हा मंदपणा येतो, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच. बाळाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात केली तर विसरत नाही.

पुढचं बाळ

एकदा होऊन गेलेली सूज पुढच्या बाळंतपणानंतर सुमारे सत्तर टक्के जणींमध्ये परत येते. तेव्हा दिवस राहण्याआधीच टीएसएच करून घ्या, कारण पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाची सगळी भिस्त आईच्या थायरॉक्सिनवर असते. गोळी चालू असेल तर टीएसएच अडीचच्या खाली आणून मग प्रयत्न करायचा, आणि पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवायचं. डोस बहुधा तेव्हाच वाढवावा लागतो, पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबायचं नाही. नाव नोंदवताना फाइलच्या पहिल्याच पानावर ‘मागच्या बाळंतपणानंतर थायरॉईडची सूज’ असं लिहायला सांगा, आणि त्याखाली त्या वेळचे सगळे आकडे, बाळाच्या वयासकट.